डॉकरमध्ये नाव सापडत नाही तेव्हा: माग काढायची सविस्तर पद्धत

डेटाबेसचा कंटेनर (डॉकरनं वेगळ्या, बंदिस्त जागेत चालवलेला प्रोग्रॅम) चालू आहे, चालू कंटेनरांची यादी देणारी डॉकर पीएस ही कमांड त्याच्यापुढे 'अप' दाखवतेय, आणि तरीही एपीआयच्या (ॲपचा डेटा पुरवणारा मागचा भाग) लॉगमध्ये तीच ओळ: 'कुड नॉट ट्रान्सलेट होस्ट नेम डीबी टू ॲड्रेस', म्हणजे 'डीबी' या नावाचा पत्ता सापडला नाही. हिंजवडीत नुकताच नोकरीला लागलेला इंजिनिअर असो की कोथरूडला फ्लॅट भाड्यानं घेऊन फायनल इयरचा प्रोजेक्ट करणारी मुलं असोत, कंटेनर वापरायला लागलं की ही ओळ भेटतेच. त्यावर सर्रास होणारा उपाय म्हणजे डॉकर इन्स्पेक्ट या कमांडमधून डेटाबेसचा आयपी (नेटवर्कवरचा आकडी पत्ता) शोधायचा आणि कॉन्फिगमध्ये नावाच्या जागी तो चिकटवायचा. काम तात्पुरतं भागतं. पुढच्या वेळी कंटेनर वेगळ्या क्रमानं सुरू झाले की आयपी बदलतो आणि नेमकं डेमोच्या दिवशी ॲप उघडत नाही. म्हणून सुरुवातीलाच एक मागणं: आयपी कॉन्फिगमध्ये लिहू नका. नाव का सापडत नाही हे शोधायला फार वेळ लागत नाही, फक्त योग्य क्रमानं पाहावं लागतं.

माझा अनुभव असा की लॅपटॉपवरच्या कंटेनरांत डीएनएस (नावावरून आयपी शोधून देणारी यंत्रणा) खरोखर बिघडलेलं क्वचितच असतं. ज्या ठिकाणाहून नाव विचारलं जातंय तिथे ते कोणाला माहीत असायचं कारणच नसतं. म्हणून प्रत्येक वेळी आधी हे ठरवायचं की नाव नेमकं कोण विचारतंय आणि त्याला उत्तर देणारं कोण आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच दोन गोष्टी शोधण्यासाठी आहेत.

उदाहरणासाठी एक छोटा प्रोजेक्ट धरू: पुण्याच्या पीएमपीएमएलचे बसमार्ग दाखवणारं ॲप. फोल्डरचं नाव 'बसमार्ग'. कंपोज फाइलमध्ये (अनेक कंटेनर एकत्र सुरू करण्यासाठी लिहिलेली फाइल) चार सर्व्हिस आहेत: वेब (एनजिनएक्स हा वेब सर्व्हर), एपीआय (पायथनमधलं जँगो फ्रेमवर्क), डीबी (पोस्टग्रेस डेटाबेस) आणि रेडिस (मेमरीत डेटा ठेवणारा सर्व्हर). कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती, आकड्यांसकट, नेहमीच्या रोमन लिपीतच टाइप करायची.

उत्तर देणारा कोण असतो

डॉकर इन्स्टॉल केल्यावर 'ब्रिज' नावाचं एक नेटवर्क आपोआप तयार होतं. त्याचा पल्ला (त्यातल्या पत्त्यांचा पट्टा) बहुधा १७२.१७.०.०/१६ असतो. नेटवर्क न सांगता डॉकर रन केलं की कंटेनर यातच जातो. या नेटवर्कवर कंटेनर एकमेकांना आयपीनं गाठू शकतात, नावानं नाही. जुनी '--लिंक' ही सोय त्याला अपवाद आहे, पण ती आता कोणी नव्यानं वापरू नये.

दुसरा प्रकार म्हणजे आपण स्वतः 'डॉकर नेटवर्क क्रिएट' करून बनवलेलं किंवा कंपोजनं आपल्यासाठी बनवलेलं नेटवर्क. इथे डॉकर इंजिन स्वतःचा एक डीएनएस सर्व्हर चालवतं. प्रत्येक कंटेनरला तो १२७.०.०.११ या पत्त्यावर दिसतो. ही सोय डॉकर १.१० बरोबर फेब्रुवारी २०१६ मध्ये आली. त्याआधी डॉकर कंटेनरांच्या होस्ट्स फाइलीत (नावं आणि त्यांचे पत्ते लिहिलेली साधी फाइल) ओळी घालून काम भागवायचं.

सोसायटीच्या वॉचमनला 'देशपांडे काका कुठे राहतात' विचारलं की तो लगेच 'बी विंग, तिसरा मजला' सांगतो, कारण रहिवाशांची वही त्याच्याकडे असते. पलीकडच्या सोसायटीच्या वॉचमनला ते सांगता येणार नाही, आणि त्यात त्याची काही चूक नाही. १२७.०.०.११ वरचा सर्व्हर हा असा आपल्यापुरता वॉचमन आहे. कंटेनर ज्या ज्या नेटवर्कला जोडलेला असेल त्यांचीच वही तो पाहतो. वहीत सर्व्हिसचं नाव, कंटेनरचं नाव, कंटेनर आयडीची पहिली १२ अक्षरं आणि आपण दिलेली उपनावं असतात. वहीत नसलेलं नाव आलं, तर तो प्रश्न बाहेरच्या डीएनएस सर्व्हरकडे पाठवतो.

पहिली पायरी: विचारणारा कोण ते ठरवा

ही पायरी वगळून लोक थेट नेटवर्क पाडून पुन्हा बांधायला बसतात. बसमार्ग ॲपमध्ये 'एपीआय' किंवा 'डीबी' असं नाव चार वेगवेगळ्या जागांहून विचारलं जाऊ शकतं.

एक, दुसऱ्या कंटेनरमधून. इथे नाव चाललं पाहिजे.

दोन, तुमच्या लॅपटॉपच्या टर्मिनलवरून. इथे 'एपीआय' हे नाव कोणालाही माहीत नाही. लॅपटॉप त्या सोसायटीत राहत नाही. इथून लोकलहोस्ट (म्हणजे हाच लॅपटॉप) आणि बाहेर काढलेला पोर्ट (जोडणीच्या दरवाजाचा क्रमांक) वापरायचा.

तीन, ब्राउझरमधून, आणि विद्यार्थ्यांची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. रिॲक्टचा (वेबपान बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) कोड वेबच्या कंटेनरमधून येतो, म्हणून तो कंटेनरमध्येच चालतो असं वाटतं. प्रत्यक्षात तो तुमच्या क्रोममध्ये चालतो आणि क्रोम लॅपटॉपवर आहे. त्या कोडमध्ये 'एचटीटीपी://एपीआय:८०००' लिहिलं असेल, तर डेव्हलपर टूल्समध्ये 'नेम नॉट रिझॉल्व्ह्ड' असा लाल एरर येणारच. डॉकरमध्ये कितीही बदल केले तरी तो जाणार नाही. चांगला मार्ग हा की ब्राउझरनं फक्त वेबशी बोलावं, '/एपीआय' ने सुरू होणारे पत्ते एनजिनएक्सनं आत एपीआयकडे वळवावेत. नेक्स्टसारख्या फ्रेमवर्कमध्ये काही कोड सर्व्हरवर आणि काही ब्राउझरमध्ये चालतो, तिथे दोघांसाठी दोन वेगळे पत्ते ठेवावे लागतात.

चार, इमेज (ज्यावरून कंटेनर तयार होतो तो साचा) बिल्ड होत असताना. बिल्डच्या वेळी कंपोजचं नेटवर्क जोडलेलं नसतं. इमेज कशी बनवायची ते सांगणाऱ्या डॉकरफाइलमध्ये 'रन पायथन मॅनेज.पीवाय मायग्रेट' लिहिलं, तर त्याला 'डीबी' सापडणार नाही. मायग्रेशन (डेटाबेसची टेबलं अद्ययावत करणारं काम) हे कंटेनर सुरू झाल्यावर चालवा.

दुसरी पायरी: एरर शब्दशः वाचा

'कनेक्शन रिफ्यूज्ड' हा नावाचा एरर नाही. नाव सापडलं, पत्ता मिळाला, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नव्हतं. बहुतेक वेळा पोर्टचा घोळ असतो: कंपोजमध्ये '५४३३:५४३२' लिहिलंय म्हणून एपीआयला ५४३३ दिला जातो. कंटेनरांनी आपसात आतलाच पोर्ट, म्हणजे ५४३२, वापरायचा. डावीकडचा आकडा फक्त लॅपटॉपसाठी आहे. एपीआयच्या कॉन्फिगमध्ये होस्ट म्हणून लोकलहोस्ट लिहिलेलं असलं तरी हाच एरर येतो, कारण कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः.

'नेम ऑर सर्व्हिस नॉट नोन', नोडमधलं (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं नोड.जेएस) 'ईनॉटफाउंड' आणि डीएनएसच्या भाषेतलं 'एनएक्सडोमेन' या तिन्हींचा अर्थ असा की उत्तर मिळालं आणि ते 'असं नाव नाही' हे होतं. नाव चुकलं आहे किंवा नेटवर्क वेगळं आहे.

'टेम्पररी फेल्युअर इन नेम रेझोल्यूशन' किंवा नोडमधलं 'ईएआय अगेन' म्हणजे निर्णायक उत्तर मिळालंच नाही. बहुतेकदा डॉकरनं प्रश्न बाहेर पाठवला आणि बाहेरचा सर्व्हर बोलला नाही. इथे एक खाच आहे. 'डीबी' हे साधं नाव वहीत नसेल तर तेही बाहेर जातं, आणि बाहेरचा सर्व्हर गाठता येत नसेल तर चुकीच्या नावालाही 'टेम्पररी फेल्युअर' दिसतं. म्हणून या एररवरून थेट इंटरनेटला दोष देण्याआधी तिसरी पायरी कराच.

जावामध्ये हे दोन्ही प्रकार 'अननोन होस्ट एक्सेप्शन'खाली एकत्र येतात, तिथे फरक कळण्यासाठीही पुढची पायरी लागते.

तिसरी पायरी: आत जाऊन विचारा

जो कंटेनर तक्रार करतोय त्याच्या आतूनच विचारायचं:

डॉकर कंपोज एक्झेक एपीआय गेटएंट होस्ट्स डीबी

आयपी आणि नाव छापलं गेलं तर नाव सापडतंय. काहीच न छापता कमांड परत आली तर सापडत नाही. मी एनएसलुकअप या डीएनएस तपासायच्या कमांडपेक्षा आधी गेटएंट वापरतो, कारण गेटएंट ॲप्लिकेशनसारखंच आधी होस्ट्स फाइल पाहतं आणि मग डीएनएस. एनएसलुकअप आणि डिग थेट डीएनएसला विचारतात. त्यामुळे कंपोजच्या 'एक्स्ट्रा होस्ट्स'मध्ये (होस्ट्स फाइलीत नावं वाढवायची सोय) घातलेलं नाव एनएसलुकअपला दिसत नाही, ॲपला मात्र दिसतं.

मग रिझॉल्व्हरची फाइल (नावं कोणत्या सर्व्हरला विचारायची ते सांगणारी) पाहा:

डॉकर कंपोज एक्झेक एपीआय कॅट /एटसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ

त्यात 'नेमसर्व्हर १२७.०.०.११' दिसलं तर कंटेनर आपण बनवलेल्या नेटवर्कवर आहे. घरच्या राउटरचा १९२.१६८ ने सुरू होणारा किंवा दुसराच कुठला पत्ता दिसला, तर कंटेनर मूळच्या ब्रिजवर आहे किंवा 'नेटवर्क मोड: होस्ट' लावलेला आहे. दोन्ही ठिकाणी सर्व्हिसची नावं चालत नाहीत, आणि तुमचं निदान इथेच संपलं. डॉकरच्या नव्या आवृत्त्यांत याच फाइलीत 'एक्स्टसर्व्हर्स' अशी कॉमेंटची ओळ असते. अनोळखी नावं कोणत्या सर्व्हरकडे पाठवली जाणार ते तिथे कळतं. सहाव्या पायरीत तिचा उपयोग होईल.

स्लिम (हलक्या केलेल्या) इमेजमध्ये पिंग, डिग, कर्ल या तपासणीच्या साधनांपैकी काहीच नसतं, डिस्ट्रोलेसमध्ये (फक्त ॲपपुरत्या इमेजमध्ये) तर शेलही नसतं. चालू कंटेनरमध्ये ॲप्ट गेट इन्स्टॉल करत बसू नका. 'निकोलाका/नेटशूट' ही इमेज याच कामासाठी आहे आणि ती थेट बिघडलेल्या कंटेनरच्या नेटवर्कमध्ये उतरवता येते:

डॉकर रन --आरएम -आयटी --नेटवर्क कंटेनर:बसमार्ग-एपीआय-१ निकोलाका/नेटशूट

आत डिग चालवून 'डीबी'साठी १२७.०.०.११ ला विचारा, मग 'गूगल.कॉम'साठीही विचारा. आतलं नाव सापडतंय आणि बाहेरचं नाही, तर सहाव्या पायरीवर जा. बाहेरचं सापडतंय आणि आतलं नाही, तर पुढे वाचा. दोन्ही नाहीत आणि उत्तरच येत नाही, तर फायरवॉलच्या नियमांकडे बघा. १२७.०.०.११ वरचे प्रश्न डॉकर कंटेनरच्या आतल्या आयपीटेबल्स (लिनक्सची फायरवॉल) नियमांनी इंजिनकडे वळवतं, तिथून ते बाहेर जातात. होस्टवर (डॉकर ज्या मशिनवर चालतंय तिथे) कोणी 'आयपीटेबल्स -एफ' चालवलं किंवा फायरवॉल रीस्टार्ट केली, तर डॉकरनं घातलेले नियम उडतात आणि कंटेनरांचं बाहेरचं जग बंद होतं. डॉकर सर्व्हिस रीस्टार्ट केली की ते नियम परत बसतात.

चौथी पायरी: दोघं एकाच नेटवर्कवर आहेत का

डॉकर नेटवर्क एलएस
डॉकर नेटवर्क इन्स्पेक्ट बसमार्ग_डीफॉल्ट

दुसऱ्या कमांडच्या उत्तरात 'कंटेनर्स' या भागात दोन्ही नावं दिसली पाहिजेत. कंपोज प्रोजेक्टचं नाव फोल्डरवरून घेतं, आणि नेटवर्क त्या नावापुढे '_डीफॉल्ट' जोडून बनवतं. म्हणून फोल्डरचं नाव बदललं, किंवा एकानं 'बसमार्ग'मधून डीबी सुरू केला आणि दुसऱ्या टर्मिनलवर 'बसमार्ग-नवीन'मधून एपीआय, तर दोन वेगळी नेटवर्क तयार होतात. दोन्ही कंटेनर डॉकर पीएसमध्ये शेजारी शेजारी दिसतात, पण एकमेकांना ओळखत नाहीत.

अशीच गत डेटाबेस हातानं डॉकर रन करून आणि बाकीचं कंपोजनं सुरू केल्यावर होते. लगेच खात्री करायची असेल तर चालू कंटेनर नेटवर्कला जोडता येतो:

डॉकर नेटवर्क कनेक्ट --एलियास डीबी बसमार्ग_डीफॉल्ट माझा-पोस्टग्रेस

हे केल्यावर गेटएंट लगेच उत्तर देऊ लागलं तर रोग सापडला. कायमचा इलाज कंपोज फाइलमध्ये करा. दोन वेगळे प्रोजेक्ट एकमेकांशी बोलायला हवे असतील, तर एक सामायिक नेटवर्क हातानं बनवा आणि दोन्ही फाइलींत ते 'एक्स्टर्नल: ट्रू' म्हणून लिहा. सर्व्हिसखाली 'नेटवर्क्स' लिहिलं की ती सर्व्हिस डीफॉल्ट नेटवर्कमधून बाहेर पडते. दोन्हीकडे राहायचं असेल तर 'डीफॉल्ट'ही यादीत घाला. ही एक ओळ राहिली की सामायिक नेटवर्क चालतं आणि स्वतःच्याच प्रोजेक्टमधला रेडिस सापडेनासा होतो.

सामायिक नेटवर्कचा आणखी एक धोका आहे, आणि तो मला इतर सगळ्यांपेक्षा जास्त काळजीचा वाटतो कारण त्यात एररच येत नाही. समजा दोन प्रोजेक्ट आहेत आणि दोन्हींत डेटाबेसच्या सर्व्हिसचं नाव 'डीबी'. दोन्ही डीबी सामायिक नेटवर्कला जोडले, तर त्या नेटवर्कवर 'डीबी' या एकाच नावाची दोन उत्तरं तयार होतात. एपीआय कधी आपल्या डेटाबेसला जातो, कधी शेजाऱ्याच्या. कधी पासवर्ड चुकीचा म्हणून एरर येतो, कधी 'टेबल सापडत नाही', आणि दोन्हींचे पासवर्ड सारखे असतील (लोकल मशिनवर ते बहुधा असतातच) तर डेटा चुकीच्या जागी लिहिला जातो. 'कधी चालतं, कधी नाही' असं कोणी सांगितलं की मी आधी हेच तपासतो: नेटशूटमधून 'डिग डीबी' करायचं आणि उत्तरात दोन आयपी येतात का ते बघायचं. उपाय साधा आहे. डेटाबेस कधीच सामायिक नेटवर्कवर ठेवू नका. तिथे फक्त ज्यांना बाहेरच्यांशी बोलायचं आहे त्या सर्व्हिस ठेवा, आणि त्यांना 'बसमार्ग-एपीआय'सारखं प्रोजेक्टचं नाव असलेलं उपनाव द्या.

पाचवी पायरी: नाव खरोखर तेच आहे का, आणि ते जिवंत आहे का

बंद पडलेल्या कंटेनरचं नाव वहीतून निघून जातं. म्हणून डॉकर पीएस पुरेसं नाही, 'डॉकर पीएस -ए' पाहा. पोस्टग्रेसच्या अधिकृत इमेजला पासवर्डचं व्हेरिएबल दिलं नाही, तर ती सुरू होताक्षणी बंद होते. एपीआयच्या लॉगमध्ये मात्र 'नाव सापडलं नाही' एवढंच दिसतं. खरं कारण 'डॉकर कंपोज लॉग्स डीबी'मध्ये असतं. एक्झिट कोड १३७ असेल तर कंटेनर बाहेरून मारला गेला आहे, बहुधा मेमरी संपल्यामुळे. ८ जीबीच्या लॅपटॉपवर इलॅस्टिकसर्च (मेमरी जास्त खाणारं सर्च इंजिन) चालवणाऱ्यांनी हे आधी बघावं.

'डिपेंड्स ऑन' फक्त सुरू करायचा क्रम ठरवतं, डेटाबेस तयार व्हायची वाट बघत नाही. त्यासाठी डीबीला हेल्थचेक (तयार आहे का ते तपासणारी कमांड) द्या (पोस्टग्रेससाठी 'पीजी_इझरेडी') आणि एपीआयमध्ये 'कंडिशन: सर्व्हिस_हेल्दी' लिहा.

'डॉकर कंपोज रन'नं सुरू केलेल्या कंटेनरला सर्व्हिसचं नाव मिळत नाही. तो इतरांना नावानं गाठू शकतो, पण इतरांना तो त्या नावानं सापडत नाही. हवं असेल तर '--यूज-एलियासेस' द्यावं लागतं.

आता नावाच्या अक्षरांकडे. कंपोजची जुनी पहिली आवृत्ती कंटेनरांना 'बसमार्ग_डीबी_१' असं अंडरस्कोरनं नाव द्यायची, दुसरी आवृत्ती 'बसमार्ग-डीबी-१' असं हायफननं देते. जुन्या कॉन्फिगमध्ये पूर्ण कंटेनरचं नाव लिहिलेलं असेल तर अपग्रेडनंतर ते सापडत नाही. तसंही कॉन्फिगमध्ये कंटेनरचं नाव लिहू नये, सर्व्हिसचं लिहावं. आणि सर्व्हिसच्या नावात अंडरस्कोर टाळा. डॉकर ते नाव शोधून देतं, पण होस्टनेमच्या नियमांत अंडरस्कोर बसत नाही. त्यामुळे जँगो अशा नावानं आलेली रिक्वेस्ट ४०० देऊन नाकारतं, आणि जावाच्या यूआरआय क्लासकडे होस्ट मागितला तर 'नल' हाती येतं.

न दिसणारी अक्षरं आणखी छळतात. कंपोजमध्ये 'एन्व्हायरनमेंट'खाली यादीच्या रूपात डीबी_होस्ट="डीबी" असं लिहिलं, तर अवतरणचिन्हं नावाचाच भाग होतात. 'डॉकर रन --एन्व्ह-फाइल'सुद्धा अवतरणचिन्हं काढत नाही, जरी कंपोज तीच फाइल वाचताना काढतं. विंडोजवर सेव्ह केलेल्या शेल स्क्रिप्टमधून नाव सेट होत असेल, तर शेवटी कॅरेज रिटर्न (विंडोजचं ओळ संपल्याचं न दिसणारं अक्षर) चिकटतो. तपासायचं असं: कंटेनरच्या आत शेल उघडून 'एको "$डीबी_होस्ट" | ओडी -सी'. 'डी' आणि 'बी' यांच्यानंतर फक्त नवीन ओळीचं चिन्ह दिसलं पाहिजे.

सहावी पायरी: बाहेरची नावं, व्हीपीएन आणि घरचं वायफाय

पुण्यात घरून काम करणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार: व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी सुरक्षित वाट) जोडल्यावर लॅपटॉपवर ऑफिसच्या गिट सर्व्हरचं (जिथे कोड ठेवतात) नाव चालतं, कंटेनरमध्ये चालत नाही.

कारण समजून घ्या. उबुंटूसारख्या लिनक्सवर सिस्टमडी-रिझॉल्व्हड हा नावं शोधणारा प्रोग्रॅम १२७.०.०.५३ वर बसतो. कोणतं डोमेन व्हीपीएनच्या सर्व्हरला विचारायचं आणि कोणतं घरच्या राउटरला, हे त्याला माहीत असतं. कंटेनरच्या आतून होस्टचा १२७.०.०.५३ गाठता येत नाही. म्हणून डॉकर '/रन/सिस्टमडी/रिझॉल्व्ह/रिझॉल्व्ह.कॉन्फ' या फाइलीतून खरे सर्व्हर उचलतं. तिथे सर्व्हरांची नुसती यादी असते, कोणाला काय विचारायचं ही वाटणी नसते. ऑफिसचं नाव घरच्या राउटरला विचारलं गेलं की तो 'असं नाव नाही' म्हणतो. मूळच्या ब्रिजवर असलेल्या कंटेनरसाठी होस्टवर १२७ चेच पत्ते उरले असतील, तर डॉकर गूगलचे ८.८.८.८ आणि ८.८.४.४ लावतं. त्यांना ऑफिसची आतली नावं माहीत नसतात, आणि काही ऑफिसांत बाहेरच्या डीएनएसला जाणारा ५३ पोर्टच बंद असतो.

आधी सगळ्यात सोपं करून बघा: व्हीपीएन जोडल्यानंतर कंटेनर रीस्टार्ट करा. सर्व्हरांची यादी कंटेनर सुरू होताना घेतलेली असते. तेवढ्यानं भागलं नाही तर होस्टवर 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस' चालवून व्हीपीएनचा डीएनएस सर्व्हर शोधा आणि थेट त्याच्याकडे चाचणी करा:

डॉकर रन --आरएम --डीएनएस १०.२०.०.५३ निकोलाका/नेटशूट डिग गिट.ऑफिस.इंटर्नल

(आयपी आणि नाव तुमच्या ऑफिसचं घाला.) हे चाललं तर '/एटसी/डॉकर/डेमन.जेसन'मध्ये 'डीएनएस' या यादीत तो पत्ता पहिला आणि सार्वजनिक सर्व्हर दुसरा लिहा, डॉकर रीस्टार्ट करा. डॉकर डेस्कटॉपमध्ये हेच सेटिंग्जमधल्या 'डॉकर इंजिन' पानावर होतं. क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्या सर्व्हरनं 'असं नाव नाही' म्हटलं की ते उत्तर मानलं जातं, दुसऱ्याला विचारलं जात नाही. दुसरा सर्व्हर पहिला गप्प असेल किंवा बिघाड सांगेल तेव्हाच कामी येतो. व्हीपीएन बंद असताना पहिला सर्व्हर गप्पच असतो, म्हणून प्रत्येक नावाला काही सेकंद उशीर होईल. ही किंमत मोजावी लागते.

चाचणीही टाइमआउट झाली तर पत्त्यांची टक्कर तपासा. डॉकर नव्या नेटवर्कांना १७२.१८, १७२.१९, १७२.२० असे मोठे पल्ले वाटत जातं. ऑफिसचा डीएनएस सर्व्हर १७२.२०.०.५३ वर असेल आणि तुमच्या एखाद्या प्रोजेक्टनं १७२.२०.०.०/१६ घेतलं असेल, तर ऑफिसकडे जायची पाकिटं तुमच्याच लॅपटॉपच्या ब्रिजवर जाऊन हरवतात. होस्टवर 'आयपी रूट गेट १७२.२०.०.५३' चालवा. उत्तरात 'बीआर-' ने सुरू होणारं नाव आलं तर टक्कर आहे. डेमन.जेसनमध्ये 'डीफॉल्ट-ॲड्रेस-पूल्स' देऊन ऑफिस न वापरणारा पल्ला ठरवा, आकार २४ ठेवा आणि जुनी नेटवर्क 'डॉकर कंपोज डाउन' करून नव्यानं बनवा. ऑफिस कोणते पल्ले वापरतं ते नेटवर्क टीमला विचारा, अंदाजानं निवडू नका.

विंडोजवर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) डॉकर चालवत असाल आणि लॅपटॉप झोपेतून उठल्यावर किंवा वायफाय बदलल्यावर नावं गेली, तर पॉवरशेलमध्ये 'डब्ल्यूएसएल --शटडाउन' करून पुन्हा सुरू करा.

ऑफिसमध्ये प्रॉक्सी (वेबच्या विनंत्या मधे घेऊन पुढे पाठवणारा सर्व्हर) असेल तर आणखी एक गोष्ट. गेटएंट नाव बरोबर सांगतं, पण कर्ल 'एचटीटीपी://एपीआय:८०००' ला गेल्यावर प्रॉक्सीचं एरर पान येतं. कंटेनरमध्ये 'एचटीटीपी प्रॉक्सी' व्हेरिएबल आलेलं असतं आणि कर्ल 'एपीआय' हे नाव प्रॉक्सीला शोधायला सांगतं. 'नो प्रॉक्सी'च्या यादीत सर्व्हिसची सगळी नावं घाला. आपण कुठेच प्रॉक्सी लिहिली नाही असं वाटत असेल, तर होम फोल्डरमधली '.डॉकर/कॉन्फिग.जेसन' पाहा, तिथली प्रॉक्सी प्रत्येक कंटेनरमध्ये आपोआप जाते.

सातवी पायरी: कंटेनरमधून स्वतःच्या लॅपटॉपकडे

डेटाबेस लॅपटॉपवर आणि ॲप कंटेनरमध्ये, ही मांडणी पुष्कळ जण वापरतात. मॅक आणि विंडोजवर डॉकर डेस्कटॉप 'होस्ट.डॉकर.इंटर्नल' हे नाव तयार देतं. लिनक्सवर नुसतं डॉकर इंजिन असेल तर ते आपोआप मिळत नाही. डॉकर २०.१० पासून कंपोजमध्ये 'एक्स्ट्रा होस्ट्स'खाली 'होस्ट.डॉकर.इंटर्नल:होस्ट-गेटवे' ही ओळ घालून ते मिळवता येतं. ती ओळ नेहमीच ठेवा, म्हणजे टीममध्ये कोणाकडे मॅक आणि कोणाकडे उबुंटू असलं तरी फाइल एकच राहते.

नाव सापडूनही लिनक्सवर जोडणी होत नसेल तर लॅपटॉपवरचा सर्व्हर कोणत्या पत्त्यावर ऐकतोय ते 'एसएस -टीएलएनपी'नं पाहा. जँगोचा रनसर्व्हर मुळात १२७.०.०.१ वरच ऐकतो, कंटेनरची विनंती त्याच्यापर्यंत पोचत नाही. तो ०.०.०.० वर चालवा, आणि 'अलाउड होस्ट्स'मध्ये हे नाव घाला. यूएफडब्ल्यू (उबुंटूची फायरवॉल) चालू असेल तर त्या पोर्टसाठी डॉकरच्या पल्ल्याला परवानगी द्यावी लागेल. आणि ०.०.०.० वर चालवलेला सर्व्हर कॅफेच्या वायफायवरच्या इतरांनाही दिसू शकतो, हे लक्षात ठेवून काम झालं की बंद करा.

नाव बरोबर, पत्ता शिळा

एपीआयचा कंटेनर नव्यानं बनवला आणि वेब ५०२ (मागच्या सर्व्हरकडून नीट उत्तर नाही) हा एरर देऊ लागला, वेब रीस्टार्ट केला की सुरळीत. एनजिनएक्स कॉन्फिगमधली नावं सुरू होतानाच एकदा शोधतो आणि तोच पत्ता धरून बसतो. सुरू होताना नाव नसेल तर 'होस्ट नॉट फाउंड इन अपस्ट्रीम' म्हणून चालूच होत नाही. त्याला प्रत्येक वेळी नव्यानं विचारायला लावायचं असेल तर या ओळी लागतात:

रिझॉल्व्हर १२७.०.०.११ व्हॅलिड=१०एस;
सेट $मागे एचटीटीपी://एपीआय:८०००;
प्रॉक्सी_पास $मागे;

'व्हॅलिड' विसरू नका. डॉकरचा सर्व्हर उत्तराबरोबर ६०० सेकंदांची मुदत देतो, म्हणजे ते न लिहिल्यास शिळा पत्ता १० मिनिटं राहू शकतो. शिवाय व्हेरिएबल वापरल्यावर प्रॉक्सी_पासमधल्या मार्गाचं वागणं बदलतं. शेवटी '/' देऊन पत्त्याचा भाग कापत असाल, तर ते काम रीराइटनं वेगळं करावं लागेल.

अल्पाइन आणि पॉडमन वापरणाऱ्यांसाठी

अल्पाइन (लहान आकाराचं लिनक्स) इमेजमध्ये ग्लिबसी या नेहमीच्या सी लायब्ररीऐवजी मसल असतं. ते रिझॉल्व्ह.कॉन्फमधल्या सगळ्या सर्व्हरना एकाच वेळी विचारतं आणि जे उत्तर आधी येईल ते धरतं, त्यामुळे मूळच्या ब्रिजवर 'आधी ऑफिस, मग सार्वजनिक' हा क्रम तिथे चालत नाही. शिवाय मसल १.२.४ च्या आधी मोठं उत्तर टीसीपीवरून मागायची सोय नव्हती, म्हणून खूप पत्ते असलेली नावं तिथे अडायची. ती आवृत्ती २०२३ मध्ये अल्पाइन ३.१८ बरोबर आली. जुनी अल्पाइन असेल तर बाकी काही करण्याआधी ती बदला.

डॉकरला पर्याय असलेल्या पॉडमनमध्येही मूळच्या नेटवर्कवर नावं चालत नाहीत, स्वतःचं नेटवर्क बनवावं लागतं. आवृत्ती ४ पासून नावांचं काम आर्डवार्क-डीएनएस करतं. ते नेटवर्कच्या गेटवे पत्त्यावर ५३ पोर्ट ऐकतं, म्हणून होस्टची फायरवॉल तिथे आड येऊ शकते. लॅपटॉपसाठीचं नाव 'होस्ट.कंटेनर्स.इंटर्नल'.

एवढं करूनही अडलात तर

कोणाला मदत मागताना स्क्रीनशॉटऐवजी मजकूर पाठवा, आणि त्यात एवढं असू द्या: पूर्ण एरर, नाव कुठून विचारलं जातंय (कंटेनर, ब्राउझर, बिल्ड की लॅपटॉप), त्या कंटेनरमधली रिझॉल्व्ह.कॉन्फ, गेटएंटचं उत्तर, 'डॉकर पीएस -ए', त्या नेटवर्कचं इन्स्पेक्ट, 'डॉकर व्हर्जन' आणि ऑपरेटिंग सिस्टम. कंपोज फाइल जशी लिहिली तशी न देता 'डॉकर कंपोज कॉन्फिग'चं उत्तर द्या, कारण त्यात सगळी व्हेरिएबल भरून खरी फाइल दिसते. पाठवण्याआधी त्यातले पासवर्ड आणि ऑफिसच्या सर्व्हरांची नावं मात्र पुसून टाका, कारण 'कॉन्फिग' पासवर्डही उघड छापतं.